बीमला पाडलेलं दुसरं भोक

मच्छिंद्र ओव्हाळ सकाळी शिडीवर चढला आणि बघतो तर काचेची पट्टी मधोमध तुटलेली. फुटक्या कंदिलाच्या काचेतली ती बोटभर पट्टी त्यानं आदल्या दिवशी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवली होती. भेग मेलेली असली तर काच तशीच राहते. जिवंत असली, रुंदावत असली, तर काच तुटते. मुरडगावात खोटं न बोलणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि तिनं आपलं काम केलं होतं.

मागच्या बीमला पाडलेल्या भोकाच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी टाकीच्या पायाकडं गेली होती. खालच्या कोपऱ्यातून दुसरी निघाली होती, ती खांबाकडं. मच्छिंद्रनं मनातल्या मनात दोन्ही भेगा एका रेघेत जोडल्या. वर टाकी काठोकाठ भरलेली होती. खाली सावलीत घागरी लावून अर्धं गाव बसलं होतं.

ही इमारत मुरडगावच्या सहकारी तेलसंस्थेची. सोलापूरच्या इंजिनिअरनं नकाशा काढला तेव्हा संस्थेची अट एकच होती, खाली मधे खांब नको. करडईच्या पोत्यांनी लादलेला ट्रक सरळ आत यावा न् सरळ बाहेर जावा. म्हणून त्यानं दोन टोकांना खांब घेतले आणि त्यांच्यावर समोर एक, मागं एक अशी भिंतीएवढी उंच बीमं घातली. बीम कसलं, सळया घातलेली भिंतच ती. दोन बीमांच्या मधल्या पोकळीत कोठी झाली, कोठीच्या डोक्यावर चार पायांवर टाकी बसली, आणि खाली ट्रकसाठी ऐसपैस जागा राहिली. गाव तिला थट्टेनं संस्थेची वेस म्हणे.

शहाऐंशी सालचा तो उन्हाळा. लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसलेला. इकडं आड तिकडं विहीर ही म्हण मुरडगावापुरती खोटी ठरली होती. दोन्हींत उडी टाकली तरी माणूस बुडून मेला नसता, डोकं फुटून मेला असता. करडई पिकली नाही म्हणून संस्थेचे घाणे बंद होते, पण संस्थेच्या बोअरला तेवढं पाणी टिकून होतं. तालुक्याचा हुकूम आला, गावाला द्या. एरवी अर्धीसुद्धा न भरणारी टाकी मग रोज भरू लागली. आणि आज दुपारी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून चेअरमन आबारावांनी ती काठोकाठ भरून ठेवायला लावली होती. पाणी भरपूर आहे असं दिसायला हवं ना!

आता भोकाची गोष्ट. समोरच्या बीमला नकाशातच एक खिडकी होती, मधोमध, टाकीच्या दोन पायांच्या मधे. गावाचा पाईप तिच्यातून बाहेर पडून खाली वेशीत उतरला. मागच्या बाजूला बौद्ध वस्ती. तिला पाणी द्यायचं कसं, यावर संचालक मंडळ दोन बैठका बसलं. त्याच पाईपाला तोटी काढा, असं सरळ कुणाच्या तोंडातून निघेना, आणि का निघत नाही हेही कुणी बोलेना. शेवटी ठरलं की वस्तीचा पाईप वेगळा, व्हॉल्व्ह वेगळा, आणि तो वस्तीतल्याच माणसानं फिरवायचा. पण कोठीत पाय न टाकता. म्हणजे बाहेरून हात घालायला मागच्या बीमलाच खिडकी पाडणं आलं.

“पाडायचीच तर मधोमध पाडा,” मच्छिंद्र म्हणाला होता. तो त्या वस्तीतलाच. डिप्लोमा करून आला, संस्थेनं ओव्हरसियर म्हणून ठेवला, आणि ‘आमच्यात असलं काही नाही’ हे पाहुण्यांना सांगताना त्याला पुढं करण्याची सोय झाली.

“मधोमध नगं,” आबाराव गोड आवाजात म्हणाले. “येण्याजाण्याच्या वाटंत येतंय. बायामाणसं असत्यात. तुमी कोपऱ्यात घ्या की. भोक ते भोक!”

भोक ते भोक नसतं. साधं बीम ओझं झालं की वाकतं, पोटाला बारीक भेगा घेतं, कुरकुरतं, माणसाला हलायला वेळ देतं. हे उंच बीम वाकत नाही. त्याच्या माथ्यावरचं ओझं त्याच्या अंगातून तिरकं चालत जवळच्या खांबावर उतरतं. ती तिरकी वाट शाबूत असेल तोवर बीम हत्तीही तोलून धरील. वाट तुटली की ते तिरकं फाटतं आणि एका दमात खाली बसतं. मधोमध पाडलेलं भोक त्या वाटेत आलं नसतं. कोपऱ्यातलं भोक नेमकं वाटेवर पडलं. माणसांना बाजूला सारायचं म्हणून भोक बाजूला सारलं, आणि चाँदपाशा मिस्त्रीनं छिन्नीच्या आड येणाऱ्या सळयाही कापून टाकल्या.

मच्छिंद्रनं हे सगळं तेव्हा सांगितलं का? तोंड उघडलं होतं. पण त्याच दिवशी त्याची माय भिमाबाई घरी म्हणाली होती, “आपल्या हातात व्हॉलची चावी येणार म्हन. खरं का रं?” तिच्या डोळ्यांतली चमक पाहिली आणि त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. आता तीच भिमाबाई पदराला चावी बांधून रोज मागच्या शिडीवर चढायची, भोकात हात घालायची, आणि खाली बायका घागरी सरसावायच्या.

मच्छिंद्र शिडीवरून उतरला तो थेट आबारावांच्या ओसरीवर गेला. त्यांची दाढी चालली होती.

“चेअरमन साहेब, टाकी रिकामी करावी लागंल. आत्ताच्या आत्ता. बीम फाटायलंय.”

आबारावांनी आरशातूनच त्याच्याकडं पाहिलं. “रिकामी? म्हंजी पानी सोडून द्यायचं? ह्या दिसांत? डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं?”

“निदान खालची माणसं तरी हलवा. टेकू लावायला लाकडं द्या.”

“साहेब येऊन जाऊ द्या. मग लाकडं काय, अख्खी बाभळ देतो.” वस्तरा गालावरून सरकला. “आन् खरं सांगू का ओव्हाळ? भोक तुमच्या लोकांसाठी पाडलं. आता तेच्यामुळं गावाचं पानी बंद करा म्हंताव. गाव काय म्हनंल?”

गाव काय म्हणेल हे मच्छिंद्रला चांगलं ठाऊक होतं. त्याला त्या वस्तऱ्याचा, त्या गोड आवाजाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या गप्प बसण्याचा इतका संताप आला की तो निरोपही न घेता वळला.

परत येताना त्याला चाँदपाशा भेटला. म्हातारा मिस्त्री तोंड पाडून वेशीच्या कोपऱ्यात उभा होता. “साब, कान लगाके देखो. अंदरसे कट्‌ कट्‌ आवाज आरा. मेरे हात का काम है, मेरेकू नींद नै.” मच्छिंद्रनं खांबाला कान लावला. आत काहीतरी बारीक तुटत होतं, थांबून थांबून, वाळक्या शेंगेसारखं.

तो मागं गेला. वस्तीच्या बायका बीमच्या सावलीत खेटून बसल्या होत्या आणि भिमाबाई शिडीच्या पायरीवर राणीसारखी टेकली होती.

“माय, उतर. सगळ्याजणी लांब व्हा. हे वरचं पडणार हाय.”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. भिमाबाई हलली नाही. “कोन म्हंतंय?”

“म्या म्हंतोय.”

“तू आत्ता चेअरमनकडं गेला व्हतास. म्या बघितलंय.” तिचा आवाज चढला. “जलमभर दुसऱ्यानं वरून ओतलं तवा ओंजळीत पानी घेतलं आमी. घसा कोरडा पडंस्तवर ‘वाढा वो माय’ म्हनत बसायचं. आता कुठं चावी हातात आली, तर माझाच ल्योक म्हंतोय सोड. तुला काय दिलं रं त्यांनी?”

त्याला वाटलं कुणी तरी कानाखाली मारली. “काय दिलं न्हाय, माय. काच तुटली भेगंवरची. चल, दाखवतो.”

“काच तुटली!” ती बायकांकडं बघून हसली. “काच तुटली म्हून व्हॉल सोडायचा.”

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळणारं डोक्यावर होतं आणि कुणाला कळत नव्हतं. समोर जाऊन सांगितलं तर तिकडचे म्हणत, हा वस्तीसाठी आमचं पाणी तोडतो. मागचे म्हणत, हा गावासाठी आमचं तोडतो. दोघं एकाच बीमखाली बसून एकमेकांवर संशय घेत होते आणि दोघांचा मिळून मच्छिंद्रवर.

मग त्यानं ठरवलं की आता विचारायचं नाही. तो समोरच्या बाजूनं वर चढून कोठीत शिरला आणि गावाचा मोठा व्हॉल्व्ह पार शेवटपर्यंत उघडला. पाईप धडधडला. पाणी जाड धारेनं कोसळू लागलं, वेशीच्या फरशीवरून वाहत रस्त्याच्या धुळीत शिरलं. अर्ध्या तासात टाकी निम्मी होईल, बीमचा जीव भांड्यात पडेल, मग मला फासावर द्या, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब बीमचा होता, माणसांचा नव्हता. पाणी वाहतंय! ही आरोळी घराघरांतून गेली. ज्यांचा नंबर संध्याकाळी होता त्या बाया धावत आल्या. म्हातारे तपेली घेऊन आले, पोरं डबडी घेऊन आली. कुणी पाणी टिपून पिळून घ्यायला धोतर अंथरलं, कुणी फरशीवर पालथं पडून चूळ भरली. बाहेर रस्त्यावर ओहोळ वाहत होता, त्याच्या काठी बसावं की नाही त्यांनी? पण धार आत होती, म्हणून सगळं गाव आत घुसलं. मघाशी अर्धं गाव बीमखाली होतं. आता सगळं होतं.

करायला गेलो काय आणि झालं काय, हे कळायलाच मच्छिंद्रला एक क्षण लागला. मग तो कोठीतून खाली उतरून ओरडत सुटला. “भायेर व्हा! पडायलंय वर! भायेर व्हा!” तो बायांना दंडाला धरून ओढू लागला, त्या हिसका देऊन परत धारेखाली गेल्या. व्हॉल्व्ह बंद करावा तर टाकी भरलेली राहणार, चालू ठेवावा तर गर्दी हटणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वरून पहिला कपचा पडला, मुठीएवढा, एका घागरीवर. सिताबाई, पाटलाच्या भावकीतली, तोंडाची फटकळ बाई, तिनं घागर झटकली आणि पुन्हा धारेखाली लावली. तिच्या कडेवर नातू होता.

मच्छिंद्रनं त्या पोराकडं पाहिलं. रडावं की डोकं आपटावं त्याला कळेना. ह्या लोकांना काँक्रीटची भीती नव्हती, मरणाची नव्हती. मग त्यांना भीती कशाची आहे, हे त्याला एकदम आठवलं. त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

तो बाहेर धावला आणि टाकीच्या लोखंडी शिडीनं वर चढू लागला. शिडी हातात थरथरत होती. वर पोचून त्यानं झाकण भिरकावलं. ते खणखणत खाली गेलं तेव्हा सगळ्यांनी बाहेर डोकी काढून वर पाहिलं.

“ए मच्छिंदर! काय करायलास रं?” सिताबाई ओरडली.

“आंघोळ करायलोय, सिताकाकू!” तो छाती फाटेस्तोवर ओरडला. “तुमच्या पान्यात! बघा! ओव्हाळाचा मच्छिंदर तुमच्या पान्यात उतरायलाय!”

आणि कपड्यांनिशी त्यानं टाकीत उडी घेतली.

पाणी गार होतं. त्या सालात एवढं पाणी त्याच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. तो मुद्दाम हातपाय आपटत राहिला, चूळ भरून भरून थुंकला, कडेवर हात टेकून बाहेर डोकं काढलं आणि पुन्हा बुडी मारली. त्याला किळस आली ती पाण्याची नव्हे. आयुष्यभर जी गोष्ट खोटी आहे म्हणून तो भांडत आला, तीच आज खरी असल्यासारखी तो वापरत होता, आणि मनातून विनवत होता की देवा, ह्यांना आज बाटू दे.

खाली एकच गलका झाला. “बाटवलं! पानी बाटवलं!” घागरी उपड्या झाल्या, तपेली फेकली गेली. ज्या बाया दंडाला धरून ओढल्या तरी निघत नव्हत्या, त्या पदर सावरत बाहेर पळाल्या. जणू वरून पाणी नाही, निखारे पडत होते. सिताबाई नातवाचं तोंड आपल्या पदरानं खसाखसा पुसत रस्त्यापलीकडं गेली. वेशीतली समोरची बाजू बघता बघता रिकामी झाली.

पण मागची बाजू रिकामी झाली नाही. तिथल्या बायका बाटणार कशा? त्या उलट खदखदून हसत होत्या. भिमाबाई शिडीवर उभी राहून म्हणत होती, “भले रं माझ्या वाघा!” तिचा हात भोकात होता.

मच्छिंद्र निथळत खाली उतरला. माणसं काठ्या घेऊन उभीच होती. आबारावही अर्धी दाढी घेऊन धावत आले होते. पळता आलं असतं. तो पळाला नाही. मागच्या बाजूला जाऊन मायला ओढून काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दहा पावलं गेला असेल, पाठीत पहिली काठी बसली. तो रस्त्याकडेच्या बाभळीखाली पडला आणि मग काठ्यांना मोजदाद राहिली नाही. चाँदपाशा मधे पडला, त्यालाही दोन बसल्या.

“माय!” मच्छिंद्र ओरडला. “मारायल्यात गं! धाव!”

ही हाक त्यानं मारासाठी मारली नव्हती. मार सहन होत होता. पण हसणाऱ्या बाईला कोपऱ्यातून काढायला ह्याशिवाय दुसरी हाक नव्हती.

भिमाबाईनं ती ऐकली. पाणी चालू टाकून, चावी भोकात तशीच सोडून ती शिडीवरून जवळजवळ पडलीच. तिच्यामागं वस्तीच्या साऱ्या बायका, हाताला लागेल ते घेऊन, वेशीला वळसा घालून धावल्या. भिमाबाई काठ्यांच्या खाली शिरून पोराच्या अंगावर आडवी पडली.

तेवढ्यात मागचं बीम फाटलं. आवाज फार मोठा नव्हता, जाड कापड टरकावं तसा. भोकाच्या वरचा कोपरा आणि खालचा कोपरा एकमेकांवरून सरकले, टाकीचा एक पाय बीममधून खाली घुसला, टाकी त्या अंगाला कलंडली आणि समोरचं बीम, स्लॅब, कोठी, सगळं घेऊन बसली. पाण्याचा लोंढा चिखल घेऊन रस्त्यावर आला आणि काठ्या धरलेल्यांच्या गुडघ्यांना लागला. धुरळा बसला तेव्हा वेस नव्हती. तिच्या जागी काँक्रीटचा ढीग होता आणि त्यातून चेपलेल्या घागरींचे काठ दिसत होते. माणूस एकही नव्हता.

मच्छिंद्र मायच्या दंडाआडून ढिगाकडं बघत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि त्याला आनंद झाला होता. आता तरी ह्यांना दिसलं, असं त्याला वाटलं.

सिताबाईनंच आधी तोंड उघडलं. तिनं नातवाला छातीशी धरलं होतं. “बगितलंव का?” ती म्हणाली. “टाकीत उतरला न् पडली. दोन वरीस ऱ्हायली ती टाकी. हा उतरला न् पडली.”

“खंडोबानं दाखवलं,” कुणीतरी मागून म्हणालं. माना डोलल्या. आबारावांनी गालावरचा फेस पुसला आणि त्यांना एकदम हुशारी आली. “उडी मारली न्हवं का वरून? हादरा बसला. पोलिसांत हेच सांगायचं. संस्थेचा काय दोष न्हाय.”

“कांच तुट्‌या था, साब,” चाँदपाशा म्हणाला, “पैलेच,” पण तो हळू म्हणाला, आणि तेही मच्छिंद्रकडं बघून. आबारावांकडं बघून म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

वस्तीच्या बायका ढिगापाशी गेल्या आणि वाकलेला पाईप उगाच हलवून बघू लागल्या. त्यांच्यातली एक रडायला लागली. आता पुन्हा कुणाच्या तरी दारात ओंजळ धरून बसायचं, असं ती म्हणत होती, आणि रडता रडता मच्छिंद्रकडं जे बघत होती त्यात माया नव्हती.

दुपार कलली तरी साहेब आले नाहीत. पोलीस येईपर्यंत मच्छिंद्रला बाभळीखालीच बसवून ठेवला होता. भिमाबाईनं लुगड्याचा पदर ओला करून त्याच्या पाठीवर दाबला. मग आजूबाजूला बघून, कुणी ऐकत नाही असं पाहून, तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“मच्छिंदर, खरं सांग लेकरा, म्या कुनाला बोलनार न्हाय,” ती म्हणाली. “तू पान्यात उतरला नसतास, तर ऱ्हायलं असतं का रं ते?”

मच्छिंद्रनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या कपाळावर अजून बीमचा पांढरा धुरळा होता. सांगावं तर भोकापासून सांगावं लागलं असतं, ओझ्याच्या तिरक्या वाटेपासून, कोपऱ्यापासून, आपण मिटलेल्या तोंडापासून. त्याला रडू फुटलं. ती उत्तराची वाट बघत होती.